शिकेकाईचे पाणी

परवा नात पुण्याहून दिवाळीसाठी घरी आली. बॅग उघडून तिने आधी कपडे काढले नाहीत, बाटल्या काढल्या. एक तोंड धुण्याची, एक हात धुण्याची, एक केस धुण्याची आणि एक धुतलेल्या केसांना पुन्हा लावण्याची. न्हाणीघरातल्या फळीवर तिने त्या ओळीने मांडल्या आणि मला हाक मारली, "आजी, ही बघ, खास तुझ्यासाठी आणलीय. यात शिकेकाई आहे!"

मी चष्मा लावला. बत्तीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवलेल्या बाईला एक खोड जडलेली असते. बाटलीवरची मोठी अक्षरे तिला दिसत नाहीत. बारीक तेवढी दिसतात. पुढच्या बाजूला हिरव्या पानांत शिकेकाईच्या चार तपकिरी शेंगा मोठ्या झोकात काढल्या होत्या. मागे घटकांची यादी होती. अशा यादीत जे सर्वांत जास्त, ते सर्वांत आधी लिहितात. पहिले नाव पाण्याचे होते. मग चारपाच नावे अशी, की मी ती फळ्यावर लिहिली असती तर पोरांनी वह्या मिटल्या असत्या. शिकेकाई शेवटून तिसरी होती. लग्नपत्रिकेत लांबच्या मामांचे नाव असते ना, अगदी तशी!

"वास छान आहे गं," मी म्हटले. तेवढ्यावर ती खूश झाली. पण दुपारी जरा आडवी झाले, तर डोळ्यांपुढे ती बाटली येईना. आमच्या जुन्या घराचे अंगण येऊ लागले आणि उखळापाशी बसलेली आक्का दिसू लागली.

आज ज्याला आपण चंद्रपूर म्हणतो, त्याला माझ्या लहानपणी सारे चांदाच म्हणत. गडचिरोली जिल्हा वेगळा झाला तो १९८२ साली. तोवर थेट सिरोंच्यापर्यंतचे सगळे जंगल आमच्या या एकाच जिल्ह्यात होते. आमचे कवेलूंचे घर जटपुरा गेटाच्या आत, गोंड राजांच्या कोटाजवळ होते. वडील जंगल खात्यात कारकून. घरात आम्ही चार भावंडे, आई, आणि वडिलांची आत्या. तिला आम्हीच काय, सारी आळी आक्का म्हणे.

दसरा झाला की आक्काचा शिकेकाईचा कारखाना सुरू होई. सगळ्या वस्तू तिने वर्षभर आधीपासून जमवलेल्या असत. हिवाळ्यात जंगलाकडच्या बायका टोपल्यांतून आवळे विकायला येत. ते घेऊन, उकडून, फोडी करून तिने उन्हात वाळवलेले असत, तीच आवळकाठी. संत्री घरात आली की सालींवर तिची नजर. नागपुरी संत्री खायची आपण आणि साल द्यायची आक्काला, असा नियमच होता. शिकेकाई आणि रिठे गोल बाजारातून येत. मग अंगणात जुनी लुगडी पसरून हे सगळे वाळत पडे आणि कावळे-चिमण्या राखायला आमची नेमणूक होई. खरे म्हणजे शिकेकाईला चिमणीसुद्धा तोंड लावीत नाही. पण आम्हांला एका जागी बसवण्याची ती युक्ती होती.

प्रमाण आक्काला तोंडपाठ होते. शिकेकाई दोन शेर; रिठे बिया काढून अर्धा शेर; आवळकाठी अर्धा शेर; नागरमोथा आणि कचोरा वासापुरते; मूठभर मेथ्या; आणि संत्र्याच्या साली असतील तितक्या. रिठ्याच्या काळ्या गुळगुळीत बिया आम्हांला खेळायला मिळत. उरलेला ऐवज उखळात पडला की घरातली सगळी माणसे शिंकू लागत. वडील कचेरीचे कागद उचलून बाहेरच्या ओट्यावर जात. आक्का मात्र नाकाला पदर बांधून कुटत राही. मग वस्त्रगाळ करून बरण्या भरायच्या, आणि वर चिठ्ठी नाही तरी कोणती बरणी कोणाची हे तिला ठाऊक! आईचे केस दाट आणि तेलकट, तिच्या बरणीत रिठा जास्त. माझे कोरडे, त्यात मेथ्या जास्त. "रिठा फार झाला की केसांचा काथ्या होतो," असे ती म्हणे. पुढे मी पुस्तकात वाचले तेही हेच, फक्त जरा लांबलचक शब्दांत.

आमच्या विहिरीचे पाणी जड. त्यात तुरीची डाळ शिजता शिजत नसे. एकदा काकांनी नागपूरहून एक सुवासिक साबण आणला आणि आईने हौसेने त्याने केस धुतले. फेस तर येईनाच, पण वाळल्यावर केस असे चिकट झाले, की फणी जागच्या जागी अडकली. आईच्या डोळ्यांत पाणी आले. आक्का शांतपणे म्हणाली, "आपल्या विहिरीला साबण सोसत नाही गं." आणि तिने पुन्हा शिकेकाई उकळायला ठेवली.

विहिरीला साबण का सोसत नाही, ते मी पुढे कित्येक वर्षे आठवीच्या वर्गाला शिकवले. जड पाण्यात चुन्याचे आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांना भेटला की त्याचा पाण्यात न विरघळणारा साका बनतो. तोच बादलीच्या कडेला पांढरा बसतो आणि तोच केसांवर चढतो. शिकेकाईत आणि रिठ्यात मात्र साबण नसतो. सॅपोनिन नावाचे द्रव्य असते. त्याच्या कणाचे एक टोक तेलाशी मैत्री करते आणि दुसरे पाण्याशी. म्हणून मळ आणि तेल दोन्ही पाण्याबरोबर वाहून जातात, पण साका बनत नाही. शिवाय साबण खारट वळणाचा, त्याने केसांवरची बारीक खवले उचलली जातात आणि केस राठ लागतात. शिकेकाईचे पाणी किंचित आंबट, त्याने ती खवले जागच्या जागी बसतात. गंमत म्हणजे 'सॅपोनिन' हा शब्द साबणाच्या लॅटिन नावावरून आला, आणि रिठ्याच्या झाडाच्या शास्त्रीय नावाचा अर्थच मुळी 'हिंदुस्थानचा साबण' असा आहे. शिकेकाई हे नाव तमिळ. शिकै म्हणजे केस, आपलीच शिखा ती. आणि काय म्हणजे फळ. बाभळीच्या कुळातली ही काटेरी वेल, पण नाव पडले ते बायकांच्या केसांवरून!

हे सगळे मला मोठेपणी कळले. आक्का चार बुकेही शिकलेली नव्हती. तिला एवढेच कळत होते, की कोणत्या केसाला काय मानवते. सबंध घराचे, आणि आळीतल्या निम्म्या बायकांचे केस तिच्या बरणीवर वाढत. शुक्रवारी सकाळी बंब पेटे आणि एकेकीला पाटावर बसवून आक्का न्हाऊ घाली. "डोळे मीट. घट्ट मीट. उघडलेस तर मग रडू नकोस," हे तिचे ठरलेले वाक्य. मग कढत नाही, कोमट नाही, असे नेमके पाणी डोक्यावर येई आणि तिची ती बोटे... त्या बोटांना नुसती मळाचीच नव्हे, मनातल्या रागाचीही जागा सापडे. आईचे आणि तिचे सकाळी भांडण झालेले असले तरी न्हाणे झाल्यावर दोघी मिळून चहा घेत.

आणि एवढे सगळे करणाऱ्या आक्काच्या डोक्यावर एकही केस नव्हता.

आजच्या मुलींना हे सांगावे लागते. आक्का नवव्या वर्षी सासरी गेली आणि बाराव्या वर्षी परत आली. तेव्हापासून तिच्या अंगावर तांबडे आलवण आणि डोक्यावरून घट्ट ओढलेला पदर. पंधरा दिवसांनी एकदा मागल्या दाराने न्हावी येई. त्या वेळी आम्हां मुलांना पुढच्या ओट्यावर पिटाळीत. पुण्यात कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला तो १८९६ साली. म्हणजे आक्काचा जन्म होण्याच्याही आधी! पण पुण्याचे वारे आमच्या घराच्या मागल्या दारापर्यंत साठ वर्षांतही पोचले नव्हते. वडील सुधारक मताचे होते, मासिके वाचीत, आईला त्यांनी इंग्रजी मुळाक्षरे शिकवली होती. पण आक्कापुढे हा विषय काढायचा धीर त्यांना कधी झाला नाही. आणि आम्हांला तर त्यात काही वावगे वाटतच नव्हते. आंब्याला पाने असतात आणि आक्काला केस नसतात, इतके ते साधे होते!

१९६१ साली वडिलांची बदली आलापल्लीला झाली. वैनगंगा ओलांडून पलीकडे गेले की जंगल असे सुरू होई, की सागाच्या पानांनी दिवसाही रस्त्यावर सावली. आलापल्लीचा साग तेव्हाही नावाजलेला होता. आजूबाजूला वस्ती गोंड-माडिया लोकांची. आईला धास्ती वाघाची होती, माझ्या भावांना वाघ दिसणार नाही याची, आणि आक्काला एक वेगळीच. तेथे तिच्या ओळखीचा न्हावी नव्हता. एक जण लांबच्या गावाहून आठवडी बाजाराला येई, पण तो पावसाळ्यात बेपत्ता झाला. महिना गेला, दीड महिना गेला. आक्काने पदर कपाळावर आणखी खाली ओढला. ती कोणाशी धड बोलेना. स्वयंपाकाला हात लावायचा की नाही याचीही तिला शंका येऊ लागली.

आमच्या घरामागे एक ओढा होता. पाऊस उघडला की गोंडांच्या बायका तेथे न्हायला येत. किती मजा येई त्यांना पाहताना! एकीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, अशी रांगच बसे, आणि प्रत्येकीचे हात पुढचीच्या डोक्यात. कोणी काठावरची चिकण माती भिजवून लावी, कोणाजवळ रानातल्या फळांचा फेसाळ कोळ असे. धुऊन झाले की मोहाच्या टोळीचे तेल, आणि मग अंबाड्यात फण्या. मी मात्र एकदा फार हुशारी केली. आक्काचे रिठे वाटीभर चोरून ओढ्याच्या एका लहानशा डबक्यात कालवले, आणि थोड्या वेळाने बोटभर मासोळ्या पोट वर करून तरंगू लागल्या. मी रडतच घरी आले. त्या बायका मात्र पोट धरधरून हसल्या. फेस येणारी फळे पाण्यात कुटून मासे झिंगवणे ही रानातल्या लोकांची जुनीच विद्या. माशाच्या कल्ल्यांना सॅपोनिन सोसत नाही. जे आपल्या केसांना अमृत, ते मासोळीला विष! तेव्हापासून न्हाणीचे पाणी कधी वाहत्या ओढ्यात सोडू नये, हा धडा मी घेतला.

मला शोधायला आक्का ओढ्यावर आली होती. ती तेथेच थबकली. रांगेत सर्वांत पुढे एक म्हातारी बसली होती. केस पांढरे स्वच्छ, कमरेपर्यंत. तिच्याच वयाची दुसरी म्हातारी ते माती लावून धूत होती. दोघींचे काहीतरी बोलणे चालले होते आणि दोघींना खुदुखुदू हसू येत होते. आक्काने आमच्याकडे काम करणाऱ्या बाईला हळूच विचारले, "हिचा नवरा काय करतो?"

"तो मरून लई वर्सं झाली जी," ती म्हणाली.

"आणि हे केस?"

बाईला प्रश्नच कळला नाही. नवरा मेला, त्यात केसांचे काय? गोंडांमध्ये विधवेचे केस काढीत नाहीत, तिला पुन्हा लग्नही करता येते, हे तिने असे सांगितले, की जणू पाऊस वरून खाली पडतो हे सांगत आहे. आक्का काही बोलली नाही. त्या दोघी म्हाताऱ्यांकडे मात्र बराच वेळ पाहत राहिली. मला वाटले होते, रिठे चोरल्याबद्दल आता पाठीत धपाटा बसणार. तो बसला नाही.

चार दिवसांनी तो न्हावी उगवला. वडिलांनी त्याला बसायला सांगितले आणि आत निरोप दिला. आतून आक्काचा आवाज आला, "त्याला म्हणावे, मुलांचे केस काप. माझ्यासाठी पुन्हा येऊ नकोस."

वडील दारातच उभे राहिले. पंचवीस वर्षे जे वाक्य त्यांना बोलता आले नव्हते, ते तिनेच बोलून टाकले होते.

त्या वर्षीच्या नरकचतुर्दशीला आक्काच्या डोक्यावर दोन बोटे केस होते. पांढरे, उभे, कणसाच्या तुऱ्यासारखे. आईने तिला हाताला धरून पाटावर बसवले. आक्का नाही-नाही म्हणत होती. वेळ झाला, कामे पडली आहेत, दिवे लावायचे आहेत, असे काहीबाही म्हणत होती. आईने ऐकले नाही. आक्काचीच शिकेकाई, आक्काचीच बरणी. तांब्या धरायचे काम माझ्याकडे होते. आईने पहिली ओंजळ टाळूवर घातली, बोटे फिरवली आणि आक्का एकदम म्हणाली, "डोळ्यांत गेले गं!"

पन्नास वर्षे आम्हां सर्वांना 'डोळे मीट' म्हणून बजावणारी आक्का स्वतः डोळे मिटायला विसरली होती. आई हसली, मी हसले, आक्काही हसली. तिच्या डोळ्यांतून पाणी मात्र कितीतरी वेळ वाहत होते, आणि शिकेकाईने एवढा वेळ पाणी येत नाही, एवढे त्या वयातही मला कळत होते. पुढे सहा वर्षे ती जगली. गेली तेव्हा तिची छोटीशी वेणी येत असे.

डॉ. राणी बंग यांचे गडचिरोलीतल्या बाया आणि तिथली झाडे यांवर एक पुस्तक आहे. त्याचे नाव 'गोईण'. गोईण म्हणजे जिवाभावाची मैत्रीण. तो शब्द वाचला तेव्हा मला ओढ्यावरच्या त्या दोघी म्हाताऱ्याच आठवल्या.

आता कोणी म्हणेल, आजीबाई जुन्याचे गोडवे गात आहेत. नाही हो! शांपूची मी ऋणी आहे. माझे लग्न झाले, नोकरी लागली, शाळा साडेदहाची. हे बँकेत, बदल्या होत. घरात सासू नाही, नणंद नाही, दोन लहान मुले. शिकेकाई रात्री भिजवा, सकाळी उकळा, गाळा, निववा, आणि मग कमरेपर्यंतच्या केसांत एका हाताने तांब्या आणि एका हाताने चोळणे! केसांत अडकलेला चोथा चौथ्या तासालाही फळ्यासमोर झडत असे. कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ साली पंधरा हजार रुपयांवर धंदा सुरू केला आणि शांपूच्या लहान पुड्या गावोगाव पोचवल्या. अशी पुडी मी पहिल्यांदा फोडली तेव्हा पाच मिनिटांत केस धुऊन बाहेर आले आणि स्वतःसाठी एक कप चहा केला. बसून प्यायला! नोकरी करणाऱ्या बायकांना त्या एका कपाची किंमत विचारा. आमच्या जड पाण्यालाही तो मानवला, कारण त्याचाही साका होत नाही.

आणि शिकेकाईने केस वाढतात, काळे होतात, हेही काही खरे नाही. डोक्याबाहेर आलेला केस निर्जीव असतो. वाढ होते ती मुळाशी. शिकेकाई केस धुते, फार न ओरबाडता धुते, एवढेच तिचे काम. तेवढे श्रेय तिला द्यावे, जास्त देऊ नये.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नाच्या निमित्ताने धानोऱ्याकडे जाणे झाले. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर तिकडे पुष्कळ बदलले आहे. मेंढा-लेखा गावाला २००९ साली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. आता अशा गावांच्या ग्रामसभा आपला बांबू आणि रानातला माल आपण विकतात. शिकेकाई, रिठे, आवळा ही नावे सरकारच्या आधारभूत किमतीच्या यादीतही आली आहेत. मला मोठा आनंद वाटला. वाटेत एका पोरीकडून आवळे घेतले. तिच्यामागच्या टपरीवर शांपूच्या पुड्यांच्या माळा लोंबत होत्या. मी विचारले, "तुम्ही केस कशाने धुता गं?"

तिने माळेकडे बोट दाखवले. "शिकेकाई कोन कुटते जी आता? दोन रुपयात काम होते."

ती हसली, मीही हसले. तिचा आवळा शहरात जातो, बाटलीच्या चित्रावर बसतो आणि शेकडो रुपयांना विकला जातो. ती मात्र दोन रुपयांची पुडी फोडते. यात काहीतरी उलटे आहे, हे खरे. पण तिला कुटत बस असे कोणत्या तोंडाने सांगू? मी तरी कुठे कुटत बसले होते! तिला आवळ्याचा भाव बरा मिळावा, एवढेच मागणे रास्त.

परत येताना मला त्या 'शांपू' शब्दाचा विचार सुचला. हा शब्द मुळात आपलाच. हिंदीत 'चाँपो' म्हणजे चेपा, दाबा. आपली चंपी त्यातलीच. १७५९ साली पाटण्यास जन्मलेले दीन महंमद नावाचे गृहस्थ इंग्लंडात गेले आणि ब्रायटनला त्यांनी वाफेच्या स्नानाचे आणि मालिशीचे ठिकाण काढले. लोकांची अंगे चेपून ते एवढे नावाजले, की राजा चौथा जॉर्ज यानेही त्यांना आपल्या सेवेत नेमले. म्हणजे शांपू या शब्दात बाटली नव्हतीच. होते ते दुसऱ्या माणसाचे हात! पुढे शब्द बाटलीत गेला आणि हात बाहेर राहिले.

ते हात मला एकदाच परत मिळाले. २०१२ साली मला मोठे दुखणे आले. नागपूरला औषधे झाली आणि त्या औषधांनी सगळे केस गेले. मी घरात रुमाल बांधून वावरू लागले. आरशासमोर उभी राहिले की मला मी दिसत नसे, आक्का दिसे. पदर कपाळावर ओढलेली. लहानपणी जे इतके साधे वाटले होते, ते बासष्टाव्या वर्षी समजले.

सहा महिन्यांनी केस पुन्हा उगवले. दोन बोटे, पांढरे, उभे. डॉक्टरांना विचारले, त्यांनी हरकत नाही म्हटले, तेव्हा सूनबाई एक दिवस वही घेऊन माझ्यापाशी बसली. "आई, ती तुमच्या आक्कांची शिकेकाई सांगा ना." मी सांगितले. शेरांचे किलो केले. दोन चमचे जाडसर पूड दोन भांडी पाण्यात रात्री भिजवायची. सकाळी मंद आचेवर दहा मिनिटे उकळायची. स्वच्छ फडक्यातून दोनदा गाळायचे, म्हणजे चोथा राहत नाही. कोमट झाल्यावर वापरायचे. उरलेले ठेवायचे नाही, नासते. तिने सगळे लिहून घेतले. रविवारी मला स्टुलावर बसवले आणि पहिला तांब्या घातला. ही मुलगी अकरा वर्षे माझ्या घरात होती. आम्ही भांडलो नव्हतो, पण एकमेकींना हातही लावला नव्हता. तिची बोटे भीत भीत टाळूवर फिरू लागली.

"डोळ्यांत गेले का हो, आई?" तिने विचारले.

"गेले थोडेसे," मी म्हटले.

असो. दिवाळीच्या अंकात डोळ्यांना पदर कशाला!

नरकचतुर्दशीला पहाटे पाचला मी नातीला उठवले. उटणे लावून झाले आणि ती कुरकुरत न्हाणीघरात शिरली. फळीवर तिची बाटली होती आणि खाली पातेल्यात माझे शिकेकाईचे पाणी. "आजी, कशाने धुऊ?" तिने विचारले.

"कशानेही धू," मी म्हटले. "पण तू धुवायचे नाहीस. पाटावर बस, आणि डोळे मीट. घट्ट मीट."

ती बसली. तिने बाटलीच पुढे केली. मी ती उघडली आणि तिच्या केसांत बोटे घातली. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आजी, आणखी थोडा वेळ चोळ ना." फेस तर केव्हाच पुरेसा झाला होता.